सातवी चौकट

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटत नव्हता. हे ती स्वतःला दिवसातून चार-पाच वेळा बजावत असे. जी गोष्ट मुळात नसतेच ती कुणाला इतकी बजावावी लागत नाही, पण हे तिला सांगणार कोण? आपण तर नाहीच.

घर दुमजली. खाली थोरली, तिचा नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई. वर धाकटी आणि दीर. मधे अकरा पायऱ्यांचा जिना. सात वर्षांपूर्वी धाकटी या घरात आली तेव्हापासून हा जिना एकाच दिशेनं झिजत चाललाय, असं थोरलीचं म्हणणं. जो उठतो तो वर! कारण वर खिडकीपाशी धाकटीचं टेबल होतं आणि त्या टेबलावर ती मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. सासूबाईंचे गुडघे एरवी दारावरची बेल वाजली तरी त्यांना उठू देत नसत. पण धाकटीनं नवं चित्र पुरं केलं म्हटलं की तेच गुडघे अकरा पायऱ्या चढून जात. आल्यागेल्यासमोर कौतुकाचे पूल बांधले जात. "आमच्या धाकटीच्या हातात जादू आहे हो!" मग पाहुणा भिडेखातर विचारी, "आणि थोरल्या सूनबाई काय करतात?" सासूबाई म्हणत, "ती होय? ती ऑफिसात जाते."

नवऱ्याचं निराळंच. थोरलीनं केस कापून घेतले तर त्याला तीन दिवस पत्ता लागत नसे. पण धाकटीनं काढलेलं एक बदक त्यानं हौसेनं फ्रेम करून आणलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं. थोरली जिथं बसून सकाळचा चहा घेई, बरोबर त्याच्या समोर. गेली चार वर्षं ती त्या बदकाच्या तोंडाकडे बघत चहा पीत होती, आणि बदक काही केल्या नजर हटवत नव्हतं.

हेही चाललं असतं. सासू काय, नवरा काय, ती काही थोरलीच्या पोटी जन्माला आलेली नव्हती. पण लेक? शाळेतून आली की दप्तर खाली आणि पोरगी वर. रात्री जेवताना "काकू म्हणते" आणि "काकूनं दाखवलं" याखेरीज तिच्या तोंडी वाक्य नाही. मागे शाळेत 'मोठेपणी मी कोण होणार' यावर निबंध लिहायला सांगितला होता. बाकीच्या पोरांनी डॉक्टर, पायलट असलं लिहिलं. हिनं लिहिलं, 'मी मोठेपणी काकू होणार.' चित्रकार नाही, काकू! सगळं घर पोट धरधरून हसलं. थोरलीही हसली, आणि नंतर मोरीत जाऊन तिनं तोंडावर तीनदा पाणी मारलं.

खरी गंमत अशी की थोरलीचं कामही चित्रांचंच होतं. कुणाला पुस्तकाचं मुखपृष्ठ, कुणाला साबणाचं वेष्टन, कुणाला जाहिरात बाजारात आणायची असली की ते आधी तिच्या ऑफिसकडे चित्र पाठवत. ऑफिस ते शेकडो लोकांच्या मोबाईलवर धाडी आणि विचारी, 'यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं? तिथं बोट टेका.' बोट टेकलं की चित्रावर एक ठिपका पडे आणि खाली एक लहानशी जागा उघडे: 'का? वाटलं तर लिहा.'

पण ठिपके मोजायचे कसे? त्यासाठी चित्र लोकांकडे जाण्याआधी कुणीतरी बसून त्यावर चौकटी आखायच्या. लोकांना त्या दिसत नाहीत. ही चेहऱ्याची, ही नावाची, ही फुलाची, अशा प्रत्येकीला नाव द्यायचं. ज्या चौकटीत ठिपका पडेल तो तिच्या नावावर. कुठल्याच चौकटीत न बसलेले सगळे 'इतर' या शेवटच्या ओळीत. एका चित्राला चौकटी सहा, हा ऑफिसचा नियम.

आणि चौकटी आखाव्यात तर थोरलीनं. चौदा वर्षं ती हेच करत होती. एखादं चित्र नुसतं पुढ्यात आलं की सहाशे बोटं कुठं पडणार हे तिला आधी कळे. नव्या लोकांसाठी तिनं एक कागद स्वतःच्या हातानं लिहून भिंतीवर चिकटवला होता: 'इतर पंधरा टक्क्यांच्या वर गेलं तर ठिपके उघडून बघा. राहिलेली चौकट आखा, सहाच्या वर गेली तरी चालेल. लोक चुकत नाहीत, आपण चुकतो.' शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सगळे टक्के म्हणत, कारण तो घरची भाजी आवडली की नाही हेही टक्क्यांतच सांगे. तो म्हणायचा, "ताई, तुझे डोळे एक दिवस उसने दे." आणि रोज संध्याकाळी त्याच्या टेबलाखालून थोरलीची एक चप्पल निघे. कामात असली की ती चप्पल कधी काढते आणि ती कुठवर सरकते, तिला भान नसे. "ताई, हिला घरी ने बाई," टक्के चप्पल पायानं ढकलत म्हणे, "रोज माझ्याकडं नांदायला येते."

त्या दिवसांत वरच्या मजल्यावर काहीतरी गुपित शिजत होतं. मुलांच्या बारा पुस्तकांची एक मालिका निघणार होती आणि प्रकाशकानं तीन चित्रकारांकडून एकेक मुखपृष्ठ मागवलं होतं. ज्याचं पसंत पडेल त्याला बाराही पुस्तकं. म्हणजे दोन-अडीच वर्षं दुसऱ्या कशाकडे बघायला नको. धाकटीनं आजवर फुटकळ चित्रंच काढली होती. कुणाच्या कवितेला एक फुलपाखरू, कुणाच्या गणिताच्या पुस्तकात पाच पेरू. पूर्ण पुस्तक, तिचं स्वतःचं असं, एकही नव्हतं. त्यामुळे कुणी वर आलं की ती चित्रावर कापड टाकी. "रागावू नका हं," ती म्हणे, "आधी कुणी बघितलं की माझा हातच चालत नाही."

सासूबाईंनाही मज्जाव झाला. पण लेक तिथंच बसायची, तिच्यापासून काय झाकणार?

"कसलं चित्र आहे गं?" थोरलीनं एकदा तिची वेणी घालता घालता सहज विचारलं. असलं सहज विचारायला तिला दोन दिवस लागले होते.

"नाही सांगणार. काकूला वचन दिलंय."

"मला पण नाही?"

"आई, वचन म्हणजे वचन ना!"

थोरलीनं वेणी इतकी घट्ट ओढली की पोरगी ओरडली.

आणि एका सोमवारी मॅडमनी, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंनी, तिच्याकडे नवं काम दिलं. "मुलांच्या पुस्तकांची मालिका आहे. तीन मुखपृष्ठं. चित्रकारांची नावं त्यांनी मुद्दाम दिलेली नाहीत, नुसतं अ, ब, क. सहाशे पालकांकडं पाठवायचंय. चौकटी तूच आख."

थोरलीनं अ उघडलं. एक होडी, बरी होती. ब उघडलं. मिशाळ सिंह, चष्मा लावून पेपर वाचणारा. लोकांना आवडेल. मग तिनं क उघडलं.

जिन्यावर एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती आणि खालच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसून प्राणी ऐकत होते. वर टांगलेला दिवा, मधे एक गाढव, आणि त्याच्या पाठीवर ते बदक. तेच! पायऱ्या मोजायची काही गरज नव्हती, तरी तिनं मोजल्या. अकरा.

खरं म्हणजे तिनं तिथल्या तिथं उठून मॅडमना सांगायला हवं होतं, की हे माझ्या घरातलं चित्र आहे, दुसऱ्या कुणाला द्या.  उलट तिनं चित्र मोठं केलं. चेहरा बघितला, पुस्तक बघितलं, आणि बघता बघता खाली आली तशी तिला एकदम हसू फुटलं. टक्केनं मान वर करून बघितलं इतकं मोठ्यानं.

त्या मुलीच्या एका पायातला बूट पायरीवर पडला होता. तो उघडा पाय तिनं दुसऱ्या पायावर ठेवला होता, आणि त्याचा अंगठा दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला आकड्यासारखा अडकवून घट्ट आवळला होता. गोष्ट नेमकी भीतीच्या जागी आली असणार. सगळी गोष्ट त्या अंगठ्यात होती.

हसू जसं आलं तसंच थांबलं. हा पाय तिला ठाऊक होता. हा तिच्या लेकीचा पाय होता. लेक दोन वर्षांची असल्यापासून अशीच बसायची. दूध पिताना, पाढे म्हणताना, ताप आला की अंथरुणात. अंगठ्यात अंगठा. नवऱ्याच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं, सासूबाईंच्याही नाही. जगात ही गोष्ट फक्त थोरलीला माहीत होती आणि तिनं ती कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यापाशी तिची एकटीची अशी दुसरी होतीच कुठली? आणि ही बया वर बसून, कापड टाकून, वचनं घेऊन, तोच पाय उचलून घेऊन गेली होती.

भिंत घेतलीस, घे. सासू घेतलीस, घे बाई. आता हेही?

थोरलीनं चौकटी आखायला घेतल्या. चेहरा. पुस्तक. गाढव. बदक. दिवा. मालिकेचं नाव. झाल्या सहा. यात खोटं एक अक्षर नव्हतं. नियम सहाचाच आहे, आणि एवढ्याशा पायावर कोण बोट टेकणार, असं ती स्वतःला म्हणाली. उत्तर तिला चौदा वर्षांपासून पाठ होतं.

त्या आठवड्यात थोरली धाकटीशी इतकी गोड वागली की सासूबाईंना तिच्या तब्येतीची काळजी वाटली.

सर्वेक्षणाचे आकडे पुढच्या बुधवारी आले. 'यातलं कुठलं पुस्तक उचलाल?' या प्रश्नाला तिन्ही चित्रं सारखीच, एकाला चौतीस, बाकी दोघांना तेहतीस-तेहतीस. म्हणजे निकाल चौकटींवर लागणार. ब-च्या सिंहाच्या मिशांना एक्केचाळीस टक्के. क-मध्ये चेहरा नऊ, पुस्तक आठ, गाढव आठ, बदक सहा, नाव पाच, दिवा तीन. आणि शेवटच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात, इतर: एकसष्ट.

एकसष्ट! थोरलीच्या डोक्यावरच तिच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता. तिनं खुर्ची थोडी वळवून घेतली.

"ताई, क-चं इतर बघितलंस का?" टक्केनं विचारलं. त्याच्या नजरेतून आकडा सुटणं शक्यच नव्हतं.

"बघितलं. लोक काय, कुठंही बोटं टेकतात."

ताईनं बघितलं म्हणजे बघितलं. तो आपल्या कामाला लागला. मॅडमनी पहिलं पान वाचून सही केली, आणि चार वाजता अहवाल प्रकाशकाकडे गेला. ठिपके थोरलीनं उघडले नाहीत. लोकांनी 'का?' खाली काय लिहिलंय तेही वाचलं नाही. झाकली मूठ उघडतो कोण?

शनिवारी दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत चहा घेत होते. थोरली जेवणाच्या टेबलाशी, नवरा बदकाखाली, सासूबाई आरामखुर्चीत, दीर दाराशी उभा. लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. वरून धाकटी उतरली, हातात मोबाईल.

"नाही झालं," ती म्हणाली.

"काय नाही झालं?" नवऱ्यानं विचारलं. त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे.

"सिंहवाल्याचं पसंत पडलं. माझ्या चित्रात म्हणे लोकांची नजर कुठं ठरतच नाही. यादी पाठवलीय त्यांनी. चेहरा नऊ, पुस्तक आठ..." तिनं सगळे आकडे वाचले. आवाज अगदी सरळ ठेवला होता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "इतर एकसष्ट. इतर म्हणजे काय हो वहिनी? वर तुमच्याच ऑफिसचं नाव आहे, म्हणून विचारते."

"इतर म्हणजे... असंच गं, इकडंतिकडं. आमच्याकडं दहा जण आहेत, कुणी केलंय कोण जाणे." थोरलीनं चहाचा घोट घेतला. सात वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती. तो आला आणि त्याला काहीच चव नव्हती.

"सहाशे जणांना डोळे होते की शर्टाची बटणं?" सासूबाई कडाडल्या.

लेकीचे डोळे भरले होते. "काकू, आणि पाय? पायाला कुणीच नाही?"

"पाय यादीतच नाही गं." धाकटी तिच्याशेजारी पायरीवर बसली. "जाऊ दे. नऊ दिवस लागले होते मला त्या पायाला. वाटलं होतं, बाकी काही नाही तर तो बघून कुणीतरी हसेल. किती महिने मी तो पाय जिन्यातून चोरून बघत होते..."

इथं थोरलीनं मूग गिळून बसायला हवं होतं. सगळं तिच्या मनासारखं झालं होतं, घोट घेत राहायचं एवढंच काम उरलं होतं. पण 'चोरून' हा शब्द तिच्या कानात गेला आणि कप बशीत आदळला.

"चोरलासच! बघत होतीस तर मला विचारायचं नाहीस? माझ्या लेकीचा पाय आहे तो! दोन वर्षांची होती तेव्हापासून अशी अंगठ्यात अंगठा अडकवून बसते, मला माहीत आहे, मला! तू कोण तो उचलून जगाला दाखवणारी?"



धाकटी गोंधळून बघत राहिली. "हिचा?" ती म्हणाली. "अहो वहिनी, हिचा नाही तो. तुमचा आहे."

"काय?"

"तुमचा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही ऑफिसचं काम घेऊन या टेबलाशी बसता ना. एक चप्पल कुठल्या कुठं, आणि अंगठा असा. समोरच्या चित्रात तुम्ही जसजशा शिरता तसतसा तो घट्ट होत जातो. वर जाताना मी कितीदा थांबलेय. मला वाटायचं, माझ्या चित्राकडं कुणीतरी असं बघावं."

"अगं, या घरात आलीस त्या दिवसापासून अशीच बसतेस तू," सासूबाई म्हणाल्या. "पोरीनं तुझंच उचललंय. हे का आम्हाला दिसत नाही?"

थोरलीनं टेबलाखाली बघितलं. एक चप्पल नवऱ्याच्या खुर्चीपाशी जाऊन पडली होती. उजवा पाय डाव्यावर होता, आणि अंगठा असा आवळलेला की नख पांढरं पडलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. तिनं पाय सोडवला, जमिनीवर टेकला, आणि तेवढ्या वेळात धाकटीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू उतरत गेला.

"पण वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही चित्र कधी बघितलंत?"

"मी नाही दाखवलं!" लेक ओरडली. "शपथ, काकू, मी सांगितलं पण नाही!"

"तू नाहीच दाखवलंस." धाकटीनं मोबाईलवरच्या यादीकडे बघितलं, मग थोरलीकडे. "या चौकटी तुम्ही आखल्यात?"

अजूनही नाही म्हणता आलं असतं. दहा जण आहेत हे तर ती आधीच सांगून बसली होती. पण समोर लेक होती आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

"हो," थोरली म्हणाली.

"आणि पाय दिसला होता तुम्हाला."

"सगळ्यात आधी."

धाकटी आरडाओरडा करेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं यादी मिटली, मोबाईल खिशात टाकला, पदराला हात पुसावेत तसे दोन्ही हात एकमेकांवर पुसले आणि ती वर गेली. थोरलीनं अकराही पायऱ्या ऐकल्या. मागोमाग दीर गेला. लेक जिन्याच्या तळाशी उभी राहिली, वरही जाईना आणि खालीही येईना.

सोमवारी थोरली ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली आणि तिनं क-चे ठिपके उघडले. पाय दिसतच नव्हता. ठिपक्यांवर ठिपके पडून तिथं एक भरीव गोळा झाला होता. मग तिनं लोकांनी लिहिलेलं वाचायला घेतलं. 'माझी मुलगी अशीच बसते.' 'आमचा धाकटा अगदी असाच, परीक्षेच्या वेळी तर हमखास.' 'मी स्वतः अशी बसते, चाळिशी उलटली तरी. नवरा हसतो.' 'आई अशी बसायची.' पान संपेना. तिला वाटलं होतं की जगात ही गोष्ट तिची एकटीची आहे, आणि इथं शेकडो लोक आपापला पाय घेऊन दाराशी उभे होते. तिला हसू आलं, आणि मग रडू. दोन्ही एकदम आल्यानं तिला शिंक आली.

तिनं सातवी चौकट आखली. नाव दिलं, 'पाय'. आकडा आपोआप खाली उमटला: एकोणसाठ. इतर: दोन.

मॅडम आल्या तशी ती उठून गेली आणि तिनं सगळं सांगितलं. जाऊ, जिना, सगळं. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुझ्या हातचा तो कागद भिंतीवर आहे, त्याचं आता काय करू मी?" थोरली आपल्या टेबलाशी परत आली. तिनं प्रकाशकाला पत्र लिहिलं. त्यात 'नजरचूक' असा शब्द टक्केनं सुचवला, आणि तिनं तो खोडला. 'चौकट राहिली नाही, मी ती वगळली,' असं लिहून खाली सही केली.

नोकरी राहिली, पण मुखपृष्ठं गेली. त्या दिवसापासून ती टक्केकडे आणि थोरलीकडे कपड्यांच्या साबणाची वेष्टनं. दोन वर्षं तरी हेच, मॅडमनी बजावलं. भिंतीवरचा कागद मात्र त्यांनी काढला नाही, आणि थोरलीला तो निघाला असता तर बरं वाटलं असतं.

सिंहवाल्याशी करार व्हायचा होता, तो झाला नाही. त्याच्या मिशांचं आपल्याला वाईट वाटतं, पण एकोणसाठपुढं एक्केचाळीस ते एक्केचाळीसच. शुक्रवारी प्रकाशकाचा फोन वर आला. लेकीच्या नाचण्यानं खालच्या छताच्या रंगाचा पोपडा थोरलीच्या चहात पडला. तिनं तो बोटानं काढला आणि चहा पिऊन टाकला.

धाकटी महिना-दीड महिना तिच्याशी बोलली नाही. निरोप असला तर पोरीमार्फत. जावा-जावा उभा दावा म्हणतात, तर ते काही उगाच नाही. शेवटी एका सकाळी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या, सहाव्या पायरीवर, जिथं ना ही खालची ना ती वरची.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. "डोळ्यांत खुपत होतीस तू मला."

"आता?"

थोरलीनं विचार केला. "आतापण खुपतेस."

धाकटीनं तिच्याकडे निरखून बघितलं, चेहऱ्यावरची एकेक रेघ मोजावी तसं. "बरं," ती म्हणाली, आणि कडेनं वर निघून गेली.

पुढं तीन महिन्यांनी टक्केकडे मालिकेचं दुसरं मुखपृष्ठ आलं. चौकटी आखून झाल्या आणि त्यानं मान वळवली. "ताई, तुला हात लावायचा नाही, माहीत आहे. पण नुसती नजर टाक ना. काही राहिलंय का?"

थोरली उठून त्याच्या मागे उभी राहिली. तोच जिना. या वेळी गोष्ट वरच्या मजल्यावर चालली होती. वर उजेड, वर प्राण्यांची गर्दी, वर ती मुलगी. टक्केच्या सहाही चौकटी वर होत्या. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, पहिल्या पायरीवर एक मांजर बसली होती. एकटी. मान वर करून उजेडाकडे बघत होती, डोळे बारीक करून, एक पंजा दुसऱ्या पंजावर आवळून. तिला वर जायचं होतं, आणि ती मेली तरी जाणार नव्हती.

"ही राहिली," थोरली म्हणाली.

"ही? अगं, एवढीशी आहे. हिच्यावर कोण बोट टेकणार?"

"सगळे."

टक्केनं चित्र मोठं केलं, वाकून बघितलं आणि तो खदखदून हसला. "खरंच की! काय जळतेय बघ कुणावर तरी, मिशासुद्धा ताठ झाल्यात!" त्यानं भराभर चौकट आखली. "नाव काय देऊ? मांजर?"

थोरली टेबलाखाली पायानं चप्पल चाचपत होती. ती तिथं नव्हती.

"थोरली," ती म्हणाली.

"थोरली मांजर?"

"नुसतं थोरली लिही."